मागं कोण थांबणार? पोरांच्या फुटबॉल संघाचा बचाव कसा बांधायचा

(नेकनूरमध्ये आसपासच्या गावांत पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या तरुणांसमोर मी बोललो, त्याचं हे रेकॉर्डिंग. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी खाली लिहून दिलंय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, वाऱ्यात गेलेली वाक्यं तेवढी नीट केलीत.)

आवाज मागंपर्यंत येतोय ना? मोबाइल सायलेंटवर टाका, पण बंद करू नका, पुढं एक-दोन गोष्टी नोट करून घ्यायच्यात.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, पुण्याच्या कंपनीचं काम करतो, आणि घरून काम असलं की इथं नेकनूरला असतो. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मैदानावर. माझ्याकडे कोचिंगचं लायसन्स नाही, हे आधीच सांगतो. पण मॅच बघून, वाचून आणि पोरांबरोबर करून बघून जे हाताला लागलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतोय. विषय एकच, बचाव. डिफेन्स.

आधी मला सांगा, तुमच्या गावात संघ कसा पडतो? जो जोरात पळतो तो पुढं. ज्याच्या पायात स्वतःचे शूज आहेत तो पुढं. ज्याचा चेंडू आहे तो कॅप्टन, आणि तोही पुढं. मग उरलेल्यांना आपण काय म्हणतो? "तू मागं थांब." आणि सगळ्यात शेवटी जो उरला तो गोलकीपर. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही हेच आहे.

आता पुढची गोष्ट बघा. समोरच्याने गोल केला की दहा जण मागं वळून त्या एकाच पोराकडे बघतात. कुणी ओरडतं, कुणी कपाळाला हात लावतं. पुढच्याने चार सोपे चान्स घालवले असले तरी त्याचं कुणी नाव काढत नाही. दोन-तीन दिवस असं झालं की ते मागचं पोरगं चौथ्या दिवशी मैदानावर येत नाही. विचारलं तर म्हणतं, "घरी काम होतं दादा." घरी काम नसतं. त्याला खेळ आवडत होता, पण त्याच्या वाट्याला फक्त बोलणी आली.

म्हणून मी बचावाबद्दल बोलतो तेव्हा फक्त गोल वाचवायचं बोलत नाही. आपल्याकडे अकरा पोरं जमवताना नाकी नऊ येतात. त्यातली चार आपण स्वतःच्या हाताने घरी पाठवतोय. हे परवडणारं नाही.

मागचे खेळाडू घडवावे लागतात

पहिला गैरसमज हा, की बचावपटू जन्मालाच तसा यावा लागतो. उंच, धिप्पाड, आडदांड. तर १० सप्टेंबर २०१९ ची दोहाची मॅच आठवा. वर्ल्ड कप पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. कतार त्याच वर्षी आशियाचा विजेता झाला होता, आणि पाच दिवसांपूर्वी त्यांनी अफगाणिस्तानला सहा गोल घातले होते. आपला सुनील छेत्री आजारी, मैदानात नाही. त्या रात्री कतारने गोलच्या दिशेने २७ फटके मारले. निकाल काय लागला? शून्य-शून्य. कर्णधार गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू भिंतीसारखा उभा राहिला, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच्यापुढचे चार जण आठवतात का?

संदेश झिंगन, आणि त्याच्याबरोबर आदिल खान, राहुल भेके, मंदार राव देसाई. आदिल आणि मंदार गोव्याचे, भेके मुंबईचा. चारपैकी तिघं आपल्या अंगणातले म्हणा ना! आणि खरी गंमत पुढं आहे. आदिल खान बरीच वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळला, त्याला मधल्या बचावात नंतर आणलं. मंदार तर विंगर होता, पुढं पळणारा, त्याला क्लबमध्ये डावा बचावपटू केला. म्हणजे आशियाच्या विजेत्याला रोखणाऱ्या चौघांतले दोघं मुळात बचावपटू नव्हतेच. त्यांना घडवलं.

आणि याच भारतीय संघाने पाच दिवस आधी गुवाहाटीत ओमानविरुद्ध काय केलं होतं? ८१व्या मिनिटापर्यंत एक-शून्यने पुढे. मग ८२व्या मिनिटाला गोल खाल्ला, शेवटच्या मिनिटाला दुसरा खाल्ला आणि मॅच गेली. पाच दिवसांत कुणी उंच होत नाही, कुणाची ताकद दुप्पट होत नाही. फरक पडतो तो एकत्र राहण्यात आणि शेवटपर्यंत लक्ष ठेवण्यात.

उंचीचंही सांगतो. २००६ मध्ये इटलीने वर्ल्ड कप जिंकला. सात मॅच, आणि खाल्लेले गोल फक्त दोन. त्यातला एक स्वतःच्याच खेळाडूचा स्वयंगोल, दुसरा फायनलमध्ये झिदानची पेनल्टी. त्या संघाचा कर्णधार फाबियो कान्नावारो मधला बचावपटू, उंची पाच फूट नऊ इंच. त्याच वर्षी त्याला बॅलन डि'ऑर मिळाला. तेव्हा तुमच्या संघातलं बुटकं पोरगं "मी लहानंय, मी कसा मागं खेळू" म्हणालं, तर त्याला यूट्यूबवर कान्नावारो दाखवा.

तुम्हाला बचाव आधीच येतो

आता तुम्ही म्हणाल, दादा, इटली आणि दोहा ठीक आहे, आपल्या पोरांना कसं समजावायचं? मंडळी, आपल्या पोरांना बचाव येतो. त्यांना फक्त माहीत नाही की येतो. कबड्डी कोण खेळलंय इथं? सगळेच. झालं तर मग.

कबड्डीत चढाईपटू आत आला की सातही जण त्याच्यावर तुटून पडतात का? नाही. कोपरा थांबतो, मध्यरक्षक थांबतो, साखळी धरून सगळे सरकत राहतात. तो डावीकडे गेला तर सगळी साखळी डावीकडे. आणि जो घाईघाईने एकटाच अंगावर जातो त्याचं काय होतं? गुण गेला. कॉमेंट्रीवाले त्याला अ‍ॅडव्हान्स टॅकल म्हणतात. आपला गिरीश इरनक डाव्या कोपऱ्यात कसा उभा राहतो बघा. वाट बघतो, वाट बघतो, चढाईपटूचा तोल गेला की मगच पाय धरतो.

फुटबॉलमध्ये अगदी हेच आहे. पोरांची सगळ्यात मोठी खोड कोणती? चेंडू दिसला की पाय घालायचा. समोरचा जरा झुकांडी देतो, आपलं पोरगं जमिनीवर, आणि तो मोकळा. कबड्डीत चढाईपटूकडे तीस सेकंद असतात, वेळ बचाव करणाऱ्याच्या बाजूने असतो. फुटबॉलमध्येही वेळ आपल्याच बाजूने असतो. तुम्ही त्याला पाच सेकंद नुसतं अडवून धरलं तरी तेवढ्यात तुमचे तीन गडी मागं आलेले असतात. म्हणून पोरांना पहिलं वाक्य हेच शिकवा: चेंडू हिसकवायच्या आधी माणूस थांबवायचा.

आणि कबड्डीत जशी लॉबीच्या पलीकडची रेषा आपली मित्र असते, तशी फुटबॉलमध्ये कडेची रेषा आपली मित्र. समोरच्याला मधून वाट द्यायची नाही, त्याला कडेला ढकलत न्यायचं. रेषा कधी दमत नाही आणि कधी फसत नाही.

एकाला एक: उभं कसं राहायचं

आता अंगाची गोष्ट. एकटा चेंडू घेऊन येतोय आणि तुमचं पोरगं समोर आहे. चार गोष्टी.

एक. लांबून जोरात जायचं, पण शेवटच्या तीन-चार पावलांत वेग मारायचा, छोटी छोटी पावलं टाकायची. पोरं पूर्ण वेगाने जातात आणि गाडी थांबत नाही, समोरचा बाजूने निघून जातो.

दोन. छाती समोर करून उभं राहायचं नाही. एक पाय पुढं, एक मागं, अंग तिरकं, गुडघे वाकलेले. छाती समोर असली की चेंडू दोन पायांमधून जातो, आणि वळायला वेळ लागतो तो वेगळाच.

तीन. अंतर साधारण एक हात, दीड हात. त्यापेक्षा जवळ गेलात तर तो चकवतो, लांब राहिलात तर तो मान वर करून पास देतो नाहीतर फटका मारतो.

चार. नजर चेंडूवर. त्याच्या खांद्यावर नाही, पायांच्या नाचावर नाही. खांदे खोटं बोलतात, चेंडू खोटं बोलत नाही.

पाय कधी घालायचा? त्याने चेंडू अंगापासून थोडा लांब मारला, की. किंवा तो पाठमोरा असताना चेंडू नीट थांबला नाही, की. बाकी वेळ धीर धरायचा. आणि आपल्या मुरमाच्या मैदानावर घसरून टॅकल बिलकुल नको. टीव्हीवर गवत असतं, इथं गुडघे सोलून निघतात, आणि एकदा खाली पडलेला बचावपटू त्या क्षणापुरता संघात नसतो.

यासाठी खेळ सोपा आहे. आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद चौकोन आखा. एक जण चेंडू घेऊन पलीकडची रेषा ओलांडायला बघणार, दुसरा अडवणार. अडवणाऱ्याने चेंडू काढून घेतला तर दोन गुण, आणि नुसतं सहा सेकंद अडवून धरलं तर एक गुण. बाकीची पोरं मोठ्याने सहापर्यंत मोजणार. बघा, थांबवण्याला गुण मिळायला लागला की पोरांची घाई आपोआप कमी होते. आपण आजवर गुण फक्त गोलला दिला, म्हणून सगळ्यांना पुढंच जायचंय.

चौघं आणि एक कासरा

एकाला एक जमलं की दुसरी पायरी. चेंडूवर एक जण गेला, मग बाकी तिघांनी काय करायचं? आपल्याकडे बाकी तिघं उभं राहून बघतात. खरा बचाव या तिघांत असतो.

पहिला जातो तो दाब देणारा. दुसरा त्याच्या मागं तिरका, चार-पाच पावलांवर. पहिला चुकला तर हा आहे. आणि उरलेले दोघं आत सरकतात, गोलसमोरची जागा भरतात. लांबच्या कडेला समोरचा एखादा गडी मोकळा दिसतो, पोरांना भीती वाटते. वाटू दे. लांबचा पास हवेतून यायला वेळ लागतो, तेवढ्यात सरकता येतं. पण मधून गेलेला पास थेट गोलकडे जातो. आधी मधलं दार लावायचं, मग खिडक्या.

हे तोंडी सांगून समजत नाही. त्यासाठी कासरा आणा. हो, बैलाचाच. दोन-तीन कासरे एकमेकांना बांधले की लांबी पुरते. सहा-सहा पावलांवर गाठी मारा, आणि चौघांच्या हातात एकेक गाठ द्या. कमरेला बांधायचा नाही, हातातच धरायचा, म्हणजे कुणी पडलं तर सोडून देता येतो. समोर चार पोरं चेंडू इकडून तिकडे पास करत राहणार. चेंडू डावीकडे, चौघं डावीकडे. चेंडू उजवीकडे, चौघं उजवीकडे. चेंडू मागं गेला, चौघं चार पावलं वर. पहिले काही दिवस नुसतं चालत करा, पळायचं नाही, चेंडू काढायचा नाही. कासरा ताणला की कुणीतरी मागं राहिलं, लोंबला की दोघं एकमेकांच्या अंगावर आले. तुम्हाला ओरडावं लागत नाही, कासराच सांगतो. आठवडाभराने कासरा काढून घ्या. बघा, पोरांना तो हातात नसतानाही जाणवत राहतो.

हे माझं खूळ नाही बरं का. अरिगो साक्की नावाचा इटालियन प्रशिक्षक होता. स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही, वडिलांच्या चपला-बुटांच्या धंद्यात होता. तो एसी मिलानचा कोच झाला आणि संघाने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकले. तो खेळाडूंना चेंडू नसतानाही मैदानावर एकत्र सरकायला लावायचा. त्याच्याच खेळाडूंना हे पटत नव्हतं, तेव्हा त्याने पैज लावली. एका बाजूला गोलकीपर आणि चार बचावपटू: तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. दुसऱ्या बाजूला दहा जण, त्यात खुलित आणि वान बास्टेनसारखे. पंधरा मिनिटांत दहा जणांनी गोल करून दाखवायचा. साक्की सांगायचा, त्यांना एकही गोल करता आला नाही.

म्हणजे बघा, जो कधी मोठ्या पातळीवर खेळला नाही तोही हे शिकवू शकतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी ही बातमी चांगली आहे.

पाच शब्द

आपली पोरं मैदानावर खूप ओरडतात, पण काय ओरडतात? "अरे घे की!" "काय करायलास!" यातून माहिती काहीच मिळत नाही. म्हणून पाचच शब्द ठरवून टाका.

"जातो", म्हणजे चेंडूवर मी निघालो, बाकी कुणी येऊ नका. "मागंय", म्हणजे तू जा, तुझ्यामागं मी आहे. "थांब", म्हणजे पाय घालू नको, अडवून धर. "आत", म्हणजे सगळे मधे सरका. आणि "वर", म्हणजे चेंडू लांब गेला, चौघं मिळून पुढं चला.

यातला सगळ्यात मोलाचा शब्द "मागंय" आहे. एकट्या पडलेल्या पोराच्या कानावर हा शब्द आला की त्याची घाई निम्मी होते. आणि हे शब्द सगळ्यात जास्त कुणी बोलायचे? गोलकीपरने. त्याला सगळं मैदान समोर दिसतं. ज्याला तुम्ही शेवटी उरला म्हणून गोलमध्ये उभं केलं, तोच खरा मागचा कॅप्टन आहे. संघातलं सगळ्यात बडबडं पोरगं गोलमध्ये टाकून बघा.

ऑफसाइडबद्दल विचारलं होतं कुणीतरी. माझं मत असं, की बारा-तेरा वर्षांपर्यंत ऑफसाइड ट्रॅपच्या नादी लागू नका. नियम जरूर समजावा: पास दिला त्या क्षणी पुढचा गडी चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्या पलीकडे असेल तर ऑफसाइड, आणि थ्रो-इन, कॉर्नर, गोल किकवर ऑफसाइड नसतो. पण गावच्या स्पर्धेत लाइन्समन नीट असेलच याची खात्री काय? पोरं हात वर करून उभी राहतात आणि समोरचा गोल करून मोकळा. हात वर करायचा नाही, पळायचं. शिट्टी वाजली तर वाजली.

आणि एक महत्त्वाचं, हेडिंग. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना डोक्याने चेंडू मारायला बंदी केली. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांचा हेडिंगचा सराव थांबवायला सांगितलं. लहान वयात डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांची काळजी म्हणून हे केलं. आपण तर कधीकधी दगडासारखा जड, भिजलेला चेंडू वापरतो. लहान पोरांना छाती आणि मांडी वापरायला शिकवा. चेंडू हवेत असेल तर एक टप्पा पडू द्या.

"कोणामुळं" नाही, "कुठून"

आता थोडं माझ्या नोकरीतलं सांगतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहितात. काय झालं, कधी झालं, कोणत्या पायरीवर झालं. चांगल्या टीममध्ये त्या कागदावर कुणाचं नाव लिहीत नाहीत. कारण नाव लिहिलं की पुढच्या वेळी माणूस चूक लपवतो, आणि लपवलेली चूक पुन्हा होते.

हीच वही मैदानावर करा. शंभर पानी, साधी. प्रत्येक खाल्लेल्या गोलसाठी एक ओळ. चेंडू आपण कुठं गमावला? गोलकडे कुठून आला, कडेने की मधून, कॉर्नरवरून की थ्रो-इनवरून? त्या वेळी चेंडूवर कोणी दाब देत होतं का, त्याच्यामागं कुणी होतं का? पोराचं नाव लिहायचं नाही. आठ-दहा मॅच झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. बऱ्याचदा गोलची सुरुवात मागच्या पोराकडून होत नाही, असं दिसेल. सुरुवात होते पुढच्याने चेंडू घालवला आणि तो तिथंच कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तिथून. म्हणजे बचावाचं पहिलं काम फॉरवर्डचं आहे. हे मी त्याला सांगितलं तर पटत नाही, वहीने सांगितलं की पटतं.

वहीत एक रकाना वेळेचाही ठेवा. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅकसन सिंगने हेडर मारून बरोबरी केली. वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. मॅच एक-दोनने गेली. आनंदात सगळ्यांच्या जागा हलतात, आपल्याही हलतात. म्हणून आमचा एक नियम आहे: गोल केला की नाचा, पण चेंडू मधे ठेवला जाईपर्यंत चौघांनी "मागंय" म्हणून एकमेकांकडे बघायचं.

कारखाने सुरू झाले की

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जी कुठल्याही कोचिंगच्या व्हिडिओत सापडणार नाही.

दिवाळीच्या आगेमागे आपल्याकडे काय होतं, तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर भरतात, आणि टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला की. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजी-आजोबांकडे राहतात, काही आई-बापाबरोबर फडावर जातात, कोपीत राहतात. आणि आपण जून-जुलैपासून घासून तयार केलेल्या चौघांतले दोघं एका सकाळी नसतात.

फॉरवर्ड एकटा गेला तर दुसरा पळणारा पुढं टाकता येतो. पण बचाव म्हणजे एकमेकांची सवय. ती तुटली की सगळंच ढासळतं. मग करायचं काय? आमच्या धंद्यात म्हणतात, सगळा डेटा एकाच मशीनवर ठेवू नका, मशीन कधी ना कधी बंद पडणारच. तसंच इथं. बचाव माणसांवर बांधू नका, सवयींवर बांधा.

म्हणजे नेमकं काय? प्रत्येक जागेसाठी दोन पोरं तयार ठेवा, आणि जून-जुलैपासूनच आलटून पालटून खेळवा. फॉरवर्डलाही महिन्यातून दोन दिवस मागं खेळू द्या. मंदारसारखा एखादा सापडेलही, आणि नाही सापडला तरी मागच्याच्या जिवाचा त्रास त्याला कळेल. पाच शब्द मात्र सगळ्यांना सारखे. शेजारच्या गावच्या संघातही तेच शब्द असतील तर अजून उत्तम, कारण कधीकधी दोन गावं मिळून एकच संघ होतो. उद्या येळंबघाटचं पोरगं नेकनूरच्या पोराशेजारी उभं राहिलं आणि "मागंय" म्हणालं, तर ओळख लागत नाही.

आणि जे पोरगं फडावर चाललंय त्याला काय द्यायचं? चेंडू देता आला तर चेंडू, नाहीतर दोन खेळ शिकवून पाठवा. तो आठ बाय पाच पावलांचा चौकोन कोपीसमोरही आखता येतो. त्याला दोन पोरं लागतात, बाकी काही नाही. टोळीत दुसरी लेकरं असतातच. आपलं पोरगं तिथं त्यांना शिकवेल. शिकवणारं पोरगं खेळ विसरत नाही.

आणि एप्रिलमध्ये ते परत आलं, की त्याला बाकावर बसवू नका. "तू सहा महिने नव्हतास, तुझी जागा गेली" हे वाक्य आपल्या तोंडून निघालं नाही पाहिजे. ते हौसेने गेलेलं नसतं. पहिल्याच संध्याकाळी त्याच्या हातात कासऱ्याची गाठ द्या. शब्द तेच आहेत, सरकणं तेच आहे, चार दिवसांत ते बसतं. मला वाटतं, आपल्या जिल्ह्यात चांगल्या बचावाची खरी परीक्षा हीच आहे. किती गोल वाचवले हे तर मोजूच, पण गेलेलं पोरगं परत येऊन त्याच संघात उभं राहू शकतं का, तेही बघू.

मुलींच्या संघाचं वेगळं काही सांगत नाही, कारण वेगळं काही नाही. सुब्रतो कपमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचीही स्पर्धा असते. चौकोन तोच, कासरा तोच, शब्द तेच. फक्त सरावाची वेळ दिवस मावळायच्या आत संपेल अशी ठेवा आणि घरी जाऊन आई-वडिलांशी स्वतः बोला. आपण बोललो की पाठवतात.

उद्यापासून

आता मोबाइल काढा, एका तासाचा सराव लिहून घ्या. पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करणं, त्यातच मागं मागं पळणं आणि तिरकं सरकणं. पुढची पंधरा मिनिटं एकाला एक, सहापर्यंत मोजत. मग पंधरा मिनिटं कासरा. मग दहा मिनिटं चार बचावपटू आणि गोलकीपर विरुद्ध सहा जण, गोल होतो का बघायचं. शेवटची दहा मिनिटं मॅच, आणि मॅचमध्ये "मागंय" जो सगळ्यात जास्त वेळा बोलेल त्याला शेवटी टाळ्या. आठवड्यातून दोन दिवस हे पुरे, बाकीचे दिवस पोरांना गोल मारू द्या. ती त्यासाठीच येतात.

खर्च किती आला? चुना, कासरा आणि एक वही.

पुढच्या भागात चेंडू मागून पुढं कसा न्यायचा, म्हणजे घाबरून लांब न झोडता पासने कसं निघायचं, त्यावर बोलू. तोवर तुमच्या मैदानावर कासऱ्याचा प्रयोग करा आणि कसं झालं ते व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या व्हॉइस नोट पुढच्या भागात ऐकवू. आणि आज संध्याकाळी संघ पाडताना एक करून बघा. सगळ्यात आधी विचारा, "मागं कोण थांबणार?" आणि जो पहिला हात वर करेल, कॅप्टनचा पट्टा त्याच्या दंडाला बांधा.

चला, दिवस कलायला लागलाय. चेंडू आणा.